हजारामागं किती

सत्तू बिंगीचा पहिला अ‍ॅम्प मी बांधला,
साखर पेठेत मिळालेल्या रेडिओच्या खोक्यात.
आवाज फाटतोय, म्हटलं, दोन दिवस ठेव, नीट करतो.
हात लावू नको बे, म्हणाला,
फाटलेलाच पाहिजे.

गिटार रेल्वे लाइन्सच्या सॅम्युएल सरांची,
चर्चला नवी आली तशी अडगळीत गेलेली.
तिच्या पोटात पिकअप मी चिकटवला.
जाड तार लुनाच्या क्लचची.
आणि वाजवायला,
आईच्या सुपातून पळवलेला
पान कापायचा पत्र्याचा साचा,
त्याचा कातरलेला एक कोपरा.
आठवडाभर तिची पानं वाकडी निघाली.
कारखान्यात सत्तर विड्या छाट गेल्या.
तिनं कुणाला विचारलं नाही.

वडिलांचे चार माग, पत्र्याची शेड.
धोटा इकडून तिकडे, तिकडून इकडे,
त्याच ठोक्यावर तो शिकला,
दुसरा ठोका गल्लीत नव्हताच.
आणि स्वतःचं स्वतःला ऐकू यायचं
तर मागापेक्षा मोठं वाजवायला लागायचं.
पुढं लोक विचारायचे, एवढा राग कशाचा?
राग कसला.
शेजार तसा होता.

बँडचं नाव 'धोटा'.
पहिला कार्यक्रम गड्ड्याच्या जत्रेत,
एका अंगाला मौत का कुआँ, एका अंगाला भज्यांची कढई.
दुसऱ्या गाण्याला पाळणेवाला पळत आला,
त्याला वाटलं आपलंच बेअरिंग गेलं.
शेवटी टाळ्या नऊ जणांच्या.
मोजल्या मी.
नववा मीच.

मग पुणे, बंगळूर, शिलाँग.
केस कमरेपर्यंत, शर्ट काळा,
आणि गणपतीत ऑर्केस्ट्रात पांढरी पँट घालून
जुनी प्रेमगीतं, रात्रीचे सहाशे.
सीडी पाचशे छापल्या.
एकशे साठ अजून माझ्या माळ्यावर, चादरीत गुंडाळून.
घसा फोडून ओरडायचा तो मोहोळचा कसबेकर
एलआयसीत लागला, आता फार हळू बोलतो.

एकदा जर्मनी.
घोट्यापर्यंत चिखल, दुपारचे बारा,
ऐकणारे अजून तंबूत झोपलेले.
रात्री तीनला माझा फोन वाजला:
हॉटेलातला टॉवेल आपल्याकडचा आहे बे!
नाव आहे का त्यावर?
नाव नाही. पण काठ बघ ना.
मी काय बघणार, फोनवर?
झोप, म्हटलं.
बराच वेळ त्यानं फोन ठेवला नाही,
मीही नाही.

वडिलांचे कान मागांनी कधीच खाल्लेले.
तालीम चालू असली की येऊन बसायचे,
स्पीकरवर तळवा ठेवून, डोळे मिटून.
एकदा म्हणाले, तिसरा माग लंगडतोय.
आम्ही हसलो.
रेकॉर्डिंग लावून बघितलं,
ड्रमवाला खरंच मागं पडत होता.

आणि आई. विडी वळता वळता, मान वर न करता:
एका रात्रीत किती वेळा मारतोस रे ती पट्टी तारेवर?
त्यानं हिशोब केला. मिनिटाला चारशे,
दीड तास. छत्तीस हजार.
मग हजारामागं किती पडतात?
त्यानं तोही हिशोब केला.
मला दिसलं, केला.
सांगितला नाही.
तिनं पुढचं पान घेतलं.

माग किलोवर गेले.
शेडला आतून न खपलेल्या चादरी ठोकल्यात,
मोर उलटे, सुलटे, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून.
जातोच.
करंगळी वळत नाही आता, तीन बोटांवर भागवतो,
संध्याकाळी सात पोरं येतात,
त्यात विडी कारखान्याच्या मुकादमाची नात.
कालच पत्र्याचा एक तुकडा त्यानं तिला दिला,
कडेला गंज, कोपरा गुळगुळीत.
तिनं नाकाला लावला. तंबाखूचा वास येतो, म्हणाली.

आज पाचव्या दिवसाचं पाणी.
सहाला सगळ्या गल्लीच्या मोटारी लागतील, व्होल्टेज पडेल,
म्हणून पोरांना लवकर बोलावलंय.
मी सोल्डर घेऊन निघालोय.
अ‍ॅम्प परत खरखरतोय म्हणे,
आणि यावेळी
त्याला नको असलेली खरखर आहे.