साडेपस्तीस

झिंगरूजी कापगते रोज दिवेलागणीला येतात.
तेंदूच्या फडीवर मुनशी होते, आता बीपी आहे.
डॉक्टरीणबाईनं मीठ तोडलं तेव्हापासून
घरी वरणाची वाटी सरकवून देतात,
सुनेला म्हणतात, "मले मारतं का वं?"
आणि माझ्याकडून मसाला शेवेचं पाकीट नेतात.
दीडशे ग्रॅम. तीस रुपये. मला सुटतात तीन.

आचल अकरावीला, सायन्स.
तेलाच्या पिंपावर वही ठेवून मोलची गणितं करते.
त्या दिवशी तिनं पाकीट त्यांच्या हातातून घेतलं.
अक्षर मुंगीच्या पायाएवढं,
मोबाईलच्या कॅमेऱ्यात ताणून वाचलं:
शंभर ग्रॅममागे सोडियम, आठशे वीस मिलिग्रॅम.

"सोडियम आहे ना," झिंगरूजी म्हणाले,
"मीठ कोठी लिवलं?"

तिनं बिस्किटांच्या खोक्याचा पुठ्ठा फाडला.
"आजोबा, सोडियम एकटं येत नाही.
नवरदेव तेवीसचा, नवरी साडेपस्तीसची,
तिचं नाव क्लोरीन.
दोघं मिळून साडेअठ्ठावन्न, तेव्हा कुठं मीठ.
पाकिटावर एकट्या नवरदेवाचं वजन लिहिलंय."
"अन् नवरी?"
"ती तुम्ही खाता. लिहीत कोणी नाही."

मी तिखटाची पुडी बांधत होते. दोरा बोटातच राहिला.
दुकानाच्या पाटीवर ह्यांचं नाव आहे,
प्रो. प्रा. देवचंद लांजेवार.
ते भंडाऱ्याला फॅक्टरीत असतात, शनिवारी येतात.
मग बांधली पुडी.

आठशे वीसची दीडपट, बाराशे तीस.
गुणिले साडेअठ्ठावन्न, भागिले तेवीस.
ती पेन्सिल जिभेला लावून भागत राहिली,
उदबत्ती घ्यायला आलेली कौतिकाही थांबली,
जणू तिचीच उधारी निघत होती.
"तीन पूर्णांक तेरा. ग्रॅम.
थोडं खायच्या सोड्याचं असेल त्यातलं,
पण धरा तीन. दिवसाचं सगळं मिळून पाच चालते."

"तीन म्हंजे केवढं?"

माझ्या काट्यावर तीन ग्रॅम उमटत नाहीत.
चिमूट टाकली: शून्य. आणखी जरा: शून्य.
पाचाच्या पायऱ्यांनी चढतो तो,
सरकारी शिक्का आहे त्यावर, तरीही.

"मंग महिन्याचं मोज," झिंगरूजी म्हणाले.
सत्तर पानांच्या पुडक्यात एक पान कमी असलं
तर हातावर तोलून ओळखणारा माणूस.

चौऱ्याण्णव हवे होते. काट्यानं पंच्याण्णव दाखवले.
पेपरच्या तुकड्यावर, निकालाच्या फोटोतल्या
कोणाच्या तरी पोरांच्या चेहऱ्यांवर,
पांढरा ढीग.

कोणी बोललं नाही.
बाहेरून धानाचा ट्रॅक्टर गेला,
ढिगाची एक बाजू घसरली.

झिंगरूजींनी कागदाची चारही टोकं उचलली,
पुडी केली, बंडीच्या खिशात घातली.
"सुनेले दावतो."
काय दाखवणार,
तिनं वरणात टाकलेलं की यांनी इथून नेलेलं,
ते मी विचारलं नाही.
मिठाचे दोन रुपये ठेवले. पाकीट काउंटरवरच.

दुसऱ्या दिवशी आलेच.
दहावालं छोटं मागितलं.
"अर्धं आज, अर्धं उद्या.
भागाकार मले बी येते."
मला सुटला एक रुपया.
आचलकडे पाहिलं, ती वहीत होती.

पुठ्ठा अजून काट्याखालीच आहे,
काटा डुगडुगतो म्हणून खाली सारलेला.
शटर ओढायच्या आधी मी तो काढते, दिव्याशी धरते.
इंग्रजी अक्षरं मला लागत नाहीत, आकडे लागतात.
मधला आकडा बोटानं झाकून पाहिला.
तेवीस.
बोट काढलं.