मातीचा तास

खानापुरात, नदीपलीकडच्या शाळेत,
रोझलीन बाईंनी शनिवारी
प्रत्येकाच्या हातावर चिखलाचा गोळा ठेवला :
"देवानं केलेलं काहीही एक करा."

सांतानचा गवा झाला, शिंगं भाताच्या काडीची.
यल्लाप्पाचा मोर, अंगापेक्षा पिसाराच जड,
सारखा तोंडावर पडे.
कुणी साप केला. सगळ्यात सोपा.

कुंभारांची निंगव्वा मात्र
मूठ मिटून बसलेली.
"काय गं, तू काय करूलीस?"
तिनं बोटं उघडली.
गोळ्याच्या पोटात, झोपेत,
अंगठ्याएवढं बेडूक.
गळ्याखालची कातडी हलत होती,
थांबत होती,
हलत होती.

"बाई, हे केलेलंच हाय की."

घंटा झाली. कुणी उठलं नाही.
मग ओळीनं, अनवाणी,
बत्तीस पोरं मलप्रभेच्या काठाला,
पुढे निंगव्वा, जणू पाणी सांडेल.
ओल्या कपारीत ठेवलं. वर जांभळीचं पान.

खिडकीतला गवा आता तडकलाय,
मोराची मान गेली.
नदीवर म्हशी धुवायला नेताना
सांतान एका जागी वळसा घालतो.
का, विचारलं
तर म्हशीवरच ओरडतो.