दीड तास

तीन वाजून दहा मिनिटं.
रुवीच्या या गल्लीत आता फक्त एसी जागे,
आणि त्यांच्या नळ्यांतून ठिबकणारं पाणी
खालच्या बंद लाँड्रीच्या पत्र्यावर.
सत्तेचाळीस थेंब मोजले, मग एक चुकला.

केमोबरोबरच्या त्या छोट्या पांढऱ्या गोळ्या
उलटी थांबवतात,
आणि पापण्या खिळ्याला टांगून ठेवतात.
ओटा दोनदा पुसून झाला.
बरण्यांना चिठ्ठ्या लावल्या : मटकी, चवळी, हुलगे.
सुवाच्य अक्षरात.
मग वाटलं, मला तर सगळ्या बरण्या ठाऊक आहेत,
हे लिहितेय कुणासाठी?
पेनाला टोपण लावलं.

मुकुंद भिंतीकडे तोंड करून झोपलाय.
म्हणजे तसं दाखवतोय.
बावीस वर्षांत त्याचं घोरणं मला पाठ झालंय,
हा श्वास म्हणजे घोरण्याची फार सभ्य नक्कल.
मीही चोरपावलांनी येते, कण्हत नाही.
दोघंही एकमेकांना झोपू देतोय.

चिपळूणला आता चार चाळीस.
अक्का बंब पेटवत असेल.
फोन केला तर पहिल्या रिंगला उचलेल,
म्हणूनच करत नाही.

पहिल्यांदा सीबच्या विमानतळावर उतरले
तेव्हा घड्याळ दीड तास मागे घेतलं होतं.
'फुकटात मिळाला,' मुकुंद हसला होता.
तोच आता वसूल होतोय बहुतेक,
रोज रात्री, व्याजासकट.

काल सलाईन लावताना लिजी सिस्टरने विचारलं, झोप?
मी नेहमीसारखं 'ठीक' म्हणणार,
तोवर शेजारच्या खुर्चीतली शम्सा
हात उडवून म्हणाली, 'माफी नोम!'
झोप नाही.
माफी म्हणजे नाही. इथे आल्यावर शिकलेला पहिला शब्द.
कोथिंबीर माफी, सुट्टे माफी, लिफ्ट माफी.
काल तो अचानक मराठीत ऐकू आला.
आणि मी म्हणून गेले,
'मलाही माफी, सिस्टर. सहा आठवडे.'
लिजीने लिहून घेतलं.
शम्साने फ्लास्कमधला कावा दोन कपांत ओतला.
वेलचीची चव दोघींनाही लागत नव्हती.
दोघी प्यालो.

पहाटेच्या अजानला अजून वेळ आहे.
पत्र्यावर पुन्हा एकपासून.
मी त्या पाठीवर हात ठेवते.
'जागा आहेस?'

नक्कल थांबते.