फक्कीच्या रेघा

बेसा रोडला, नाल्याच्या अलीकडे, तीस बाय पन्नास.
आरएल लेटर हातात यायलाच सहा वर्षं गेली,
तेवढ्यात शेजारच्या प्लॉटवर तीन मजले चढले
आणि आमच्या प्लॉटवर बाभूळ.

धरमपेठेतल्या पहिल्याच्या ऑफिसात एवढा गारवा
की बाबांनी दुपट्टा कानांवरून गुंडाळला.
त्यानं टीव्हीवर घर फिरवून दाखवलं,
वरून, मागून, रात्रीचं, दिवे लागलेलं.
पश्चिमेला आख्खी काच.
मी म्हटलं, साहेब, मे महिन्यात?
एसी आहे ना, तो म्हणाला.
घरात एक बाई सोफ्यावर बसली होती, हातात कॉफीचा मग.
तिचा चेहरा आमच्यातल्या कुणाशीच जुळत नव्हता.

दुसरा नंदनवनचा, मंदाच्या मामेभावाच्या ओळखीतला.
होकायंत्र काढून त्यानं आधी शेगडी बसवली, मग देव,
आणि जाता जाता म्हणाला,
म्हातारबाबांची खोली मागे घेऊ,
या वयात माणसाला शांतता लागते.

शांतता!
बत्तीस वर्षं टिमकीच्या पॉवरलूमवर उभे होते बाबा.
त्या मागांनी लुगड्यांबरोबर
त्यांच्या कानांतलंही सगळं विणून नेलं.
शांतता त्यांच्याकडे एवढी आहे
की मोहल्ल्यात वाटली तरी उरेल.

गायधने मॅडम आल्या त्या भर दुपारी तीनला,
स्कूटीवर, डोळे सोडून सगळं स्कार्फात.
कागद काढला नाही. चहा नको म्हणाल्या,
माठातलं पाणी दोनदा मागून प्याल्या
आणि गोळीबार चौकातल्या आमच्या दोन खोल्यांत
नुसत्या बसून राहिल्या.
कूलरमध्ये पाणी कोण भरतं? मी.
ही भिंत किती वाजता तापते?
ते मंदाला माहीत होतं, मला नव्हतं.
मग त्या उठून मोरीपाशी उभ्या राहिल्या.
बाबांनी खुर्ची वीतभर सरकवली.
त्या खिडकीपाशी गेल्या.
बाबांनी पुन्हा सरकवली.

हे नेहमी दाराकडे तोंड करूनच बसतात का?

चव्वेचाळीस वर्षं मी या माणसाच्या घरात राहतो.
पाठीमागून येणारा माणूस
त्यांच्यासाठी कुठूनच आलेला नसतो,
एकदम अंगावर उगवतो,
हे मला तेव्हा कळलं, आणि तेही परक्या बाईकडून.

लग्नपत्रिकेच्या पाठीवर त्यांनी आधी एक खुर्ची काढली.
खुर्चीतून तीन रेघा,
एक फाटकाकडे, एक चुलीकडे, एक जिन्याच्या पायथ्याशी.
ह्यांच्या आड भिंत येऊ द्यायची नाही, म्हणाल्या,
बाकी घर मग पाहू.
बाबांनी पत्रिका हातात घेतली, उलटी केली,
नवरा-नवरीची नावं वाचली, परत उलटी केली.
हाव, म्हणाले. जोरात,
नेहमी बोलतात तसंच जोरात.

फी ऐकून मंदा रात्री म्हणाली,
बाप्पा, एवढे पैसे, नुसत्या रेघांचे?
मीही दोन रात्री हिशेब मांडला.
मॅडमनी रुपया कमी केला नाही.
जिन्याचं स्टीलचं रेलिंग खोडलं फक्त,
तेवढ्यात निघेल म्हणाल्या.
निघालं नाही. जवळपास निघालं.

दिवाळीनंतर फक्की मारली.
काळी माती, सहा फूट तरी जावं लागते,
मिस्त्री सांगत होता, अन् तुमचं बजेट…
बाबा रेघेपाशी येऊन थांबले.
ओलांडली नाही.
कडेकडेनं चालत गेले,
जिथं साडेतीन फूट फक्की नव्हती तिथं चपला काढल्या
आणि आत आले.
पालथ्या घमेल्यावर बसले, फाटकाकडे पाहत.
फाटक म्हणजे अजून दोन खुंट्या.

रस्त्याच्या वळणावर मंदा डबा घेऊन येत होती.
तिनं हाक मारायच्या आधीच
बाबा सरकले,
अर्धं घमेलं तिच्यासाठी मोकळं ठेवून.