कलमवाली

फेब्रुवारी सरता सरता मी सुरीला धार लावते
आणि गाडी काढते.
मागच्या सीटवर ओल्या गोणपाटात काड्या,
पुढे मी आणि थर्मास. नकाशा नाही.
पोर्तुगाल मला जिभेनं पाठ आहे.

उत्तरेला मिन्यू. तिथे पाऊस पाहुणा नाही, घरजावई.
जमिनीलगत वेल कुजते,
म्हणून तिला मांडवावर चढवून ठेवतात,
खाली कोबी, वर आल्वारिन्यू.
शिडीवर उभी राहून मी कलम बांधते
तेव्हा पाणी बाहीतून कोपरापर्यंत उतरतं.
वाइन मात्र कोरडी, चावरी,
थंडीत कुणी खिडकी उघडावी तशी.

माराँवचा डोंगर ओलांडला की दोरू.
ढग पलीकडेच रिते झालेले.
नऊ महिने हिवाळा, तीन महिने नरक,
म्हणतात तिथली माणसं, अभिमानानंच.
दगड शाळेच्या पाटीसारखा, पण उभा चिरलेला;
फटीतून मुळं खाली जातात
पाण्याच्या नुसत्या वासावर.
तोरीगाचा दाणा वाटाण्याहून लहान,
रस कमी, साल फार.
पाहुणचाराला थोडं,
आठवणीला पुष्कळ.

आणि पार दक्षिणेला आमारेलेजा,
जिथे दुपारी तीनला कुत्रंही सावली मोडत नाही.
माणसाहून उंच मातीचे रांजण,
आणि मोरेतू नावाची एक द्राक्षजात,
जिला मोठ्या घरचे लोक मोलकरीण समजतात.
सगळ्या पिकून, खुडून झाल्या
तरी ही आपली उन्हात उभी,
घाई नाही, तक्रार नाही.

फक्त कोलारेशला सुरी खिशातच राहते.
आमच्या पणज्यांच्या काळात मुळं खाणारा किडा आला,
देशभरच्या वेली गेल्या.
तेव्हापासून मूळ अमेरिकेचं, फळ घरचं,
आणि मधल्या सांध्यावर माझं पोट.
पण इथल्या वाळूत किड्याला बीळ धरेना.
रामिश्को स्वतःच्याच मुळांवर, समुद्राच्या वाऱ्याला भिऊन
वाळूवर पोटानं सरपटते.
झुल्मीरा सांगते, आजोबा लावणीसाठी खोल चर खणायचे
तेव्हा डोक्यावर टोपली पालथी घालायचे,
वाळू ढासळली तर दोन श्वास तरी मिळावेत म्हणून.
"तुझं इथे काय काम?" ती विचारते, दरवर्षी.
पेलाभर ओतते. तोंड आवळतं.
"लवकर आलीस," म्हणते. "बारा वर्षांनी ये."

या वर्षी मात्र फेरी उलटी झाली.
दोरूच्या फिर्मिनूचा निरोप होता:
बारोका वेलीवरच मनुका होते आहे, ऑगस्टातच.
दक्षिणेचं काहीतरी आण.
म्हणून मोरेतूच्या दोनशे काड्या
मागच्या सीटवर पट्टा लावून बसवल्या,
आणि पाचशे किलोमीटर वर नेल्या.
टोलनाक्यावरच्या पोरानं विचारलं, काय आहे?
उन्हाळा, म्हणाले. त्यानं सुटे पैसे परत दिले.

फिर्मिनूच्या हातात सरकारी कागद.
अमुक कलमाप्रमाणे ही जात या खोऱ्याची नाही.
मी म्हटलं, तुमचं कलम तुम्ही वाचा,
माझं मला करू द्या.
ऐंशी वर्षांच्या खोडाची मान कापली.
वेल रडते, ते पाणी बोटांना गारच लागतं.
काडी पाचर करून बसवली, फीत गुंडाळली,
वर मेण.
तो पाहत उभा राहिला नाही,
खालच्या बांधावर जाऊन उगाच दगड रचत बसला.

दुसऱ्या सप्टेंबरात त्याचा फोन.
कलम धरलं का, मी विचारलं नाही,
त्यानंही सांगितलं नाही.
म्हणाला, आईच्या वाढदिवसाला बारोका हटकून गोड व्हायची.
आम्ही पहिला घड तिच्या ताटात ठेवायचो.
ही अजून हिरवीच आहे.

थांबा, म्हणाले मी.
ऊन अजून बरंच आहे.