डावी कूस

पहिल्यांदा झालं ते दसऱ्याच्या दुसऱ्या रात्री.
पाणी प्यायला उठले, मोबाईल उशीखाली सरकवला
आणि उजव्या डोळ्यातलं घर गेलं.
डावा झाकून पाहिलं तर
माठ नाही, शिलाई मशीन नाही,
खुंटीवरचा ह्यांचा शर्टसुद्धा नाही.
डावा उघडला की सगळं जागच्या जागी.

तशीच उभी राहिले, एका हातात तांब्या,
दुसऱ्या हाताने आळीपाळीने डोळे झाकत,
पोरं खेळतात तशी.
पाच-सात मिनिटांनी आलं परत,
आधी माठाचं पोट, मग बाकीचं.

सकाळी सुईत दोरा ओवला. एका दमात.
म्हटलं, स्वप्न असेल.
त्या रात्री पुन्हा.

कुणाला सांगितलं नाही.
सावद्यात ब्लाउज शिवणारी बाई
एका डोळ्याने जातेय, ही बातमी
गावभर व्हायला किती वेळ लागतो, मला ठाऊक आहे;
असल्या बातम्या माझ्याच मशीनपाशी बसून पुढे जातात.
दिवाळीचे चाळीस ब्लाउज अंगावर होते.
हे केळीच्या गाडीवर, मथुरेच्या पुढे कुठेतरी.
फोनवर विचारायचे, बरं आहे ना?
बरंच होतं. दिवसा.

मग मी तयारीला लागले.
दुपारी हर्षाली शाळेत गेली की
डोळे मिटून घरात फिरायचं.
मशीनपासून ओट्यापर्यंत सात पावलं.
मिठाची बरणी गार लागते, साखरेची चिकट.
उंबऱ्याची एक कड झिजलेली आहे
हे अकरा वर्षं पायांना माहीत होतं, मला नाही.
हुक, काज, इंचपट्टीचं पितळी टोक,
सगळं बोटांनी सांगितलं.
फक्त मोतिया अस्तर आणि पांढरं अस्तर
बोटांना एकच.
तिथे मात्र रडले, माय वं,
दोन्ही डोळ्यांनी.

आणि रात्री पुन्हा तेच.
पोर उजेडाने जागी होऊ नये म्हणून
चादर डोक्यावरून घेऊन
मागच्या गळ्यांचे नमुने बघत पडायचं:
पानगळा, मटकागळा, दोरी आणि लटकन,
एक संपला की दुसरा आपोआप वर येतो,
गिऱ्हाईक तरी मध्ये श्वास घेतं.

लेस आणते म्हणून फैजपूरला गेले.
कंपाउंडरने पुकारलं, “झोपे कोण आहे? झोपे?”
बाकावर कुणी हसलं नाही. मीच हसले.

डॉक्टर भंगाळेंनी भिंग लावलं, दिवा मारला,
खालची बारीक ओळ वाचायला लावली. वाचली.
मग पेन ठेवून म्हणाले,
“रात्री मोबाईल कोणत्या कुशीवर बघता?”

असा प्रश्न मला आजवर कुणी विचारला नव्हता.
“डाव्या,” म्हटलं.

“म्हणजे डावा डोळा उशीत, अंधारात.
उजवा एकटा उजेडात.
मोबाईल बंद केला की डाव्याला लगेच दिसतं,
उजव्याला वेळ लागतो.
उन्हातून घरात आल्यावर लागतो ना, तसा.
आंधळ्याबिंधळ्या नाही होत तुम्ही.
डोळे मात्र पार कोरडे पडलेत.
पापणी मिटायचं विसरता.”
थेंब लिहून दिले. दोनशे रुपये.
“चादरीत कोणी लहान असतं का?”
“मुलगी. पण ती झोपलेली असते.”
ते काही बोलले नाहीत.

घरी येताना केळीच्या बागा बघत आले,
उजव्या डोळ्याने, मुद्दाम.

त्या रात्री मोबाईल मशीनच्या खणात ठेवला.
उताणी पडले, दोन्ही डोळे सारखे.
आधी नुसतं काळं.
मग खिडकीची कड. पंख्याचं एक पातं.
मग शर्टाची बाही, आत हात नसलेली.
काय काय परत येतंय ते मोजत होते,
तेवढ्यात कुशीतून आवाज आला,
जराही झोप नसलेला:

“मम्मी, तो पाठीवर मोरवाला
आज नाही बघायचा?”

वळून पाहिलं.
दोन डोळे, टक्क उघडे,
मिटायचं विसरलेले.

“हर्षू,” मी विचारलं,
“तू गं कोणत्या कुशीवर झोपतेस?”