पालथी पानं

तंबाखूच्या वखारीत पंखा लावत नाहीत,
जरदा उडतो. म्हणून घामेजलेले चौघं,
साठच्या पिवळ्या बल्बखाली, पोत्यावर पसरलेल्या चादरीभोवती:
मी, वायरमन भावकाण्णा, कंडक्टर इराप्पा हुक्केरी,
आणि दस्तगीर मकानदार, ज्याची रिक्षा
बाहेर चाक काढून उभी.

मधे जर्मनच्या ताटलीत चारशे तीस रुपये.
माझ्या हातात दुर्री, पंजी, नव्वी.
तिन्ही वेगळ्या रंगांच्या,
चिकोडीच्या एसटीत एका बाकावर बसलेल्या
तीन अनोळखी बायांसारख्या.

चाल केली. पुन्हा केली.
भावकाण्णा पॅक.
इराप्पानं पानं एकदा फुंकली, पॅक.
दस्तगीर बराच वेळ बसला. दोनदा शिंकला.
मग दोन राण्या, बदामाची नि किलवरची,
सगळ्यांसमोर उताण्या टाकल्या
आणि म्हणाला, घे बाबा.

"दाखीव की गा," भावकाण्णा.
"तोर्सले," इराप्पा.
मागणं एकच, भाषा दोन,
आणि नियमात दोन्हीला उत्तर नाही:
पॅक झालेल्याला बघायचा हक्क नसतो,
शो फुकट मिळत नाही.

पण हात शिवशिवत होता, खोटं कशाला बोलू.
जिंकल्यापेक्षा फसवल्याची गोडी जास्त,
आणि ती एकट्यानं खाता येत नाही.
हिशेबही होता मनात: आज दुर्री दिसली
तर उद्या मला तीन एक्के लागतील तेव्हा
हेच तिघं चाल सोडणार नाहीत.

बाप आठवला. बैलबाजारात दलाल.
टॉवेलखाली गिऱ्हाइकाचा हात घ्यायचा,
बोटं दाबायचा. चार बोटं, चार.
पंजा धरला की पाच.
भोवती अख्खा बाजार,
आणि भाव दोघांच्या कातडीलाच ठाऊक.
झाकायचं कशाला, चोरी आहे काय, मी विचारलेलं.
म्हणाला, विकणाऱ्याची नड
सगळ्या गावानं का बघावी?

पानं पालथी ठेवली ढिगावर.
पिसायची पाळी दस्तगीरची होती.

बावीस वर्षं झाली. वखारीत आता टायरचं दुकान.
दस्तगीर तो डाव अजून सांगतो,
डाव म्हणून नाही, अक्कल म्हणून सांगतो:
"राण्यांची जोडी हातात, तरी टाकली.
निंगाप्पाचा श्वास ओळखला मी. सिक्वेन्स होता. वाचलो."
पोरगा कर्ज काढून जेसीबी घेणार होता, त्याला हेच सांगितलं.
भाऊ बांधावरून कोर्टात निघालेला, त्यालाही.
माझ्या त्या सिक्वेन्सच्या धाकानं
पाच-सहा माणसं शहाणी झाली म्हणे.
मी सुपारी कातरत मान हलवतो.
आता दुर्री बाहेर काढली तर
कुणाकुणाच्या घरची भिंत खचेल, सांगता येत नाही.

परवा संकेश्वरला त्याच्या धाकटीचं लग्न.
जेवणं झाल्यावर गोकाकच्या व्याह्यांना
त्यानं तोच डाव कन्नडात खेळून दाखवला,
शिंकांसकट.
नवा जावई माझ्याकडं वळला:
"खरंच सिक्वेन्स होता काय हो?"

मी तोंड उघडणार,
तेवढ्यात दस्तगीरनं
आहेराचा नवा टॉवेल माझ्या खांद्यावरून ओढून
दोघांच्या मांड्यांवर टाकला,
आणि खालून हात धरला.

दोन बोटं दाबली.
सोडली.
मग पंजा.
चेहरा जावयाकडंच, हसरा.
आणि थांबला.

पिसताना. म्हणजे त्याच रात्री.

मी त्याचा पंजा धरला, सोडला,
मग चार बोटं.

"होय," जावयाला म्हटलं, "सिक्वेन्सच."
टॉवेल बराच वेळ कुणी काढला नाही.